या नावाचं इथं कुणी राहत नाही

रात्री पावणेतीनला आउलिसचा फोन:
"दूध मोजणारं मशीन मुकं झालंय."
उणे सव्वीस. गाडीचं कुलूप गोठलेलं.
काउहायोकीच्या डेअरीसमोर चार टँकर,
इंजिनं सुरूच, एक ड्रायव्हर
टोपणात कॉफी ओतत उभा.

सर्व्हरच्या खोलीत मात्र ऊब.
कार्डावरचा हिरवा दिवा डोळे मिचकावतोय,
केबल घट्ट, ओढून पाहिली.
जिवंत आहे, फक्त
हाकेला ओ देत नाही.

फाइलीत नाव लिहिलंय: ईएनपी-तीन-एस-शून्य.
म्हणजे तिसरी आळी, शून्य नंबरचं घर.
आणि आतून उत्तर येतं:
या नावाचं इथं कुणी राहत नाही.

दुपारी आउलिसने नव्या डिस्कांसाठी
एक जास्तीचं कार्ड खोचलं होतं.
पाहुणा एकच आला,
अख्खी वस्ती एकेक आळी पुढे सरकली.
तीनचा चार झाला.
ज्याचा झाला, त्याला पत्ताच नाही.

मी शिकले तेव्हा जो आधी जागा होईल
तो ईथ-शून्य, मागून उठेल तो एक.
मग लापुआच्या शाळेत एका सोमवारी
दोघे उलट्या क्रमाने उठले
आणि बाहेरचं जग मुलांच्या दाराने आत शिरलं.
त्यानंतर नावं जागेवरून पडू लागली.
म्हणे, आता अंदाज बांधता येतो.
"अंदाज तर माझ्या गुडघ्यालाही येतो," आउलिस म्हणतो.

आमच्याकडे माणसांचंही असंच होतं.
पणजोबा ईसाक्की, लात्वाला घरातला धाकटा,
हेल्मीच्या शेतावर घरजावई गेला
आणि पाद्र्याने वहीत त्याला रिन्तामाकी केलं.
शेताचं नाव तेच माणसाचं.
लात्वाला म्हटलं की वर्षभर मान वळायची,
मग वळेनाशी झाली.
पुढे शेत विकलं.
नाव तेवढं घोडागाडीत बसून आमच्याबरोबर आलं.

तीन खोडून चार लिहिलं असतं तर भागलं असतं,
पुढच्या पाहुण्यापर्यंत.
मी कार्डाचा जन्माचा शिक्का शोधला:
कारखान्यात कोरलेली बारा अक्षरं,
पहिली सहा कुळाची, उरलेली त्याची एकट्याची.
आणि चार ओळींची फाइल लिहिली:
हा कुठेही बसो, कधीही उठो,
याला माइतो म्हणा.

माइतो म्हणजे दूध.
नावाला पंधरा अक्षरांची मुभा आहे,
मला पाच पुरली.
"माझं नाव द्यायचंस," आउलिस.
"तू मार्चमध्ये रिटायर होतोयस."

मशीन बंद. मशीन सुरू. पंखे गुरगुरले.
पडद्यावर पहिल्या टँकरचं वजन उमटलं,
ड्रायव्हरने उरलेली कॉफी बर्फावर फेकली.

परतताना फाट्यावर रिन्तामाकीची पाटी
दिव्यांच्या उजेडात क्षणभर उभी राहिली.
तिथे आता एस्टोनियाहून आलेलं कुटुंब राहतं.
पोस्टमन त्यांना रिन्तामाकीच म्हणतो.
त्यांनी अजून त्याला अडवलेलं नाही.