डोळे मिचकवा

शिंगाड्याचा हंगाम आला की
माझं मशीन बोटांना नापास करायला लागतं,
आणि शिव्या माझ्या नावानं पडतात.

सकाळपासून तलावात, कमरेएवढ्या पाण्यात,
वेलाखाली हात घालून काटे चुकवत, न चुकवत,
दुपारी ते हात माझ्या टेबलावर येतात
पांढरेफट, सुरकुतलेले,
रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखे.
मी फडक्यानं पुसते, थोडं खोबरेल लावते
(प्रशिक्षणात हे कोणी शिकवलं नव्हतं),
अंगठा काचेवर दाबून धरते.
लाल.
मधलं बोट. लाल.
डावा हात बघू. लाल.

"काऊन वं पोरी, मी मी नोहो का?"
फागाबाई वलथरे विचारते
आणि रांगेत हसू फुटतं.
खैरीटोल्यात फागाबाईला
अंधारात नुसत्या खोकल्यावरून ओळखतात.

मागे एकदा बँकेच्या पानानं
तिला गुप्त प्रश्न विचारला होता:
आईचं माहेरचं आडनाव काय?
ती तोंड उघडायच्या आत चौघांनी उत्तर दिलं.
एकानं आजीचंही सांगितलं,
आणि त्या लग्नात वरण खारट झालं होतं, हेही.
मी कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले.
आमच्याकडे जे सगळ्यांना ठाऊक, ती माणसाची ओळख.
तिकडे, जे कुणालाच ठाऊक नाही, ती.
एवढी गुपितं मी आणू कुठून?

मग ओटीपी.
तो जातो हैदराबादला, तिच्या नेतरामच्या मोबाइलवर.
नेतराम नवव्या मजल्यावर सळ्या बांधतो,
मोबाइल खाली डब्याच्या पिशवीत.
सहा आकडे येतात, दहा मिनिटं जगतात
आणि पिशवीतच मरतात.
तिसऱ्या खेपेला तो सापडला.
कोणालाही सांगू नका, असं वर लिहिलेले आकडे
तो स्लॅबवरून ओरडून सांगत होता,
फागाबाई इकडे माझ्या कानात ओरडत होती,
आणि रांग एका सुरात म्हणत होती:
चार, चार, नऊ...
शेवटचा आकडा मिक्सरच्या घरघरीत गेला.

उरला चेहरा.
मी तिला खिडकीजवळ, उजेडात बसवलं.
पदर मागे, मान सरळ.
पडद्यावर गोल आला, गोलात फागाबाई,
खाली सूचना: डोळे मिचकवा.

"थे काहाले?"
"तू जिवंत आहेस का, ते पाहतं. फोटो दाखवून फसवतात लोक."
ती थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "आमच्या बुढ्याचे डोळे
म्या माह्या हातानं मिटले होते.
उघडेच राहले होते त्याचे."
आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिली,
जाळं टाकून पाण्याकडे बघावं तशी.
पापणी हलेना.
मावशी, मिचकव. मिचकव ना.
मागून कोणी तिच्यासाठी मिचकावून दाखवलं,
मग सगळ्यांनीच,
अख्खी रांग एकमेकांकडे बघून डोळे मिचकावू लागली
पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसारखी,
आणि फागाबाईला हसू आलं.
हसताना तिचे डोळे पार मिटतात.
हिरवं.

पेन्शन पुढच्या वर्षापर्यंत सुरू.
पुढच्या वर्षी पुन्हा मिचकवायचं.

अंधार पडल्यावर हिशेब बंद करायला बसले.
मशीननं माझा अंगठा मागितला.
लाल.
दिवसभराचं खोबरेल होतं त्यावर,
बावीस माणसांच्या बोटांचं.
ओढणीला पुसला. लाल.
साबणानं धुऊन आले. लाल.
खोलीत मी एकटी,
मला ओळखणारं दुसरं कोणी नाही.

बाहेर कोणीतरी खोकललं.
मान वर न करता मी विचारलं,
"फागामावशी, काय विसरलीस?"

"पिशवी वं."