पुढची फेरी

निकालपत्रात तिचं नाव नव्हतं.
कायदा तसं सांगतो, म्हणून मी टाइप करायची
‘पीडित मुलगी’. एकशे बारा पानं, तेवढंच.
त्याचं मात्र पूर्ण,
बापाच्या नावासकट, वय, राहणार चोडण,
धंदा : हार्मोनियम शिकवणे.

आमच्या वाड्यावर झालं उलटं.
तिचं नाव पोदेराच्या सायकलीमागून
दारोदार गेलं, पावासारखं कोमट,
आणि तो ‘मास्तर’च राहिला.
‘मास्तराचं जरा चुकलंच.’
चुकलं. जसा एखादा सूर.

त्याच्या आदल्या वर्षी
मानशीवर कामाला आलेला हंपण्णा
शाळेच्या कुंपणाशी उभा दिसला,
तर त्याला माडाला बांधला होता.
पाण्याचा नळ शोधत होता, हे नंतर कळलं.
नंतर म्हणजे दात पडल्यावर.
पट्टा माझ्या भावाचा होता.
आम्ही घरात तो विषय काढत नाही.

उलटतपासणीत वकील विचारायचे,
“नेमकं सांग. किती वाजले होते?
खोलीत घड्याळ होतं का?”
बारा वर्षांची पोर पंख्याकडे बघत राहिली.
मी कंसात लिहिलं, साक्षीदार गप्प.
गप्प हे उत्तर नव्हे, खोडा, असं सांगण्यात आलं.
मी खोडलं.

दहा वर्षं सक्तमजुरी.
एक आणि शून्य. दोनच कळा.

परवा तो सुटून आला, कोलवाळहून,
पिशवीत चादर, पाय सुजलेले.
रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढला.
कुणी सरकून जागा दिली, कुणी पाठ केली,
एका पोरानं मोबाइल वर धरला.
देवस्थान समितीतले शाणू नाईक म्हणाले,
“पेटी तशीच ठेवलीय, मास्तर. भाता तेवढा फाटलाय.”
मागून कुणीतरी, “असल्यांना कापायला हवं.”
जत्रेला हे दोघे एकाच पंगतीत बसतात.

तो माझ्याकडे वळला. ओळखलं नसावं,
कोर्टात टाइप करणारीकडे कोण बघतं?
“बाय, किती वाजले?”
मी सांगितलं. सहा पंचवीस.
सांगायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
शिक्षा तर भोगून झाली होती.
त्याची.

बोट सुटताना धक्क्यावर
एक मुलगी थांबलेली, पायाशी बॅग,
हातात आईच्या औषधांची थैली.
जागा होती.
रॅम्प उचलता उचलता खलाशानं हाक मारली,
नाव घेऊन.
तिनं मान हलवली,
पुढच्या फेरीनं येते म्हणून.