पट्टी

ढोल पडला तो थेट टॅबवर.
सुदामचा तरी काय दोष,
मांडवाच्या दोरीत त्याचा पाय गुंतला
आणि वरात काही थांबणार नव्हती.
त्या रात्री सतरा नंबर मी तोंडपाठ वाजवला,
अठरा चुकला.
नवरदेवाच्या मामानं अठरालाच नोट ओवाळली.

सकाळी जिंतूरच्या स्टँडमागं
मुस्तकीमच्या टपरीत टॅब उताणा ठेवला.
थापताना कडेनं भाकर चिरावी
तशी काच चिरलेली,
आणि उजव्या अंगाला दोन बोटं जागा मुकी :
कितीही दाबा, हूं नाही की चूं नाही.

"मॉडेल?"
मागचं स्टिकर कवाच घामानं गेलेलं.
मी कंपनीचं नाव सांगितलं.
हसला. "मास्तर,
जिल्हा परभणी एवढंच लिहून
पत्र टाकल्यावानी झालं हे.
एका नावाचे तिघं आहेत.
एकात सिम, एकात नाही,
तिसऱ्याचं पोटच निराळं."

तरी मी खणातली एक चकचकीत काच उचलली,
टॅबवर ठेवून पाहिली.
कोपऱ्याला कोपरा, कॅमेऱ्याला भोक.
नऊशे फक्त.
"घ्या की मग," चार्जर न्यायला आलेला एकजण म्हणाला.
(दुसऱ्याच्या खरेदीत लोकांना लई घाई.)

मुस्तकीमनं कड गरम केली,
तिकोनी पत्ती सरकवत सरकवत
झाकण उकललं.
आत एक पिवळसर फीत,
तिच्यावर मुंग्यांनी लिहावा एवढा नंबर.
भिंग माझ्या हातात दिलं : "वाचा.
तोंड समद्यांचं सारखंच असतं.
ही पट्टी बघायची.
तुमची डावीकडून निघते,
त्या काचेची उजवीकडून.
बसवली तर बसंल,
पण बोलायची नाही."

पट्टी.
तीस वर्षं मी हाच शब्द दुसऱ्यांना विचारतोय.
चारठाण्याला एकदा पाहुणा गवई काळी चारमध्ये उठला,
मी पांढरी एक धरून बसलेलो.
दोघंही सुरात होतो,
आपापल्या.
मांडवामागची कुत्री तेवढी एकदम रडायला लागली.

हैदराबादचा माणूस फोनवर म्हणाला, सेम टू सेम.
मुस्तकीम म्हणाला, पाठीचा फोटो पाठव.
त्यानं पोटाचा पाठवला.
पुन्हा पाठीचा मागवला, तर शेवटचा आकडा वेगळा.
असे पाच दिवस, दोन तिथी,
आणि मी सुपारी घेतलेल्या लग्नांत
वहीवरून वाजवत राहिलो,
पान उलटायला भाच्याला शेजारी उभा करून.
भाच्याचं लक्ष जेवणावर.

नांदेडवरून पार्सल आलं तेव्हा
काच बघून मन खट्टू झालं.
मंद. पांढऱ्यात जराशी हळद.
पण आकडा न् आकडा तोच.
"चिकटवायच्या आधी वाजवून घ्या," तो म्हणाला,
"एकदा गोंद लागला की तुमचं माझं भांडण."

मी बोट वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं
आणि हळूहळू ओढत नेलं,
खर्जातून चढावं तसं,
कुठं तुटतंय का ऐकत.
त्या मुक्या दोन बोटांपाशी श्वास धरला.
रेघ गेली.
पलीकडच्या काठापर्यंत गेली.

डबीत माझ्या दहा पत्त्या असतात क्लारनेटच्या,
पैकी तीन बोलतात.
गोऱ्यागोमट्या सात नुसत्या शिट्ट्या मारतात.
हे मला माहीत होतं की,
तरी त्या दिवशी हात आधी
चकचकीत काचेकडंच गेला होता.

सोळाशे पन्नास झाले.
हजार दिले, बाकीचे बामणीच्या लग्नानंतर.
झाकण लावण्याआधी त्यानं आतल्या बाजूनं
बॉलपेननं नंबर लिहून ठेवला,
"पुढच्या खेपेला भिंग नको."
पुढची खेप, म्हणे.
मी बाहेर बघितलं : सुदाम ढोल घेऊन उभा,
दोन हात लांब.

घरी आल्यावर तोच नंबर
पत्त्यांच्या डबीच्या झाकणावर लिहिला,
बायकोच्या फोननंबराखाली.