भाड्याक नाय

सहा बाय आठ.
लवू मेस्त्रीने टेप सोडला, तो सर्रकन आत गेला.
"वैनी, हय एकतर खाट रवात,
नायतर चेडू."

समुद्राकडच्या तीन खोल्यांना नंबर आहेत,
एसी, गरम पाण्याचा नळ,
दारामागे नियमांचा कागद.
ऑक्टोबर ते मे त्या आमच्या नसतात.
ही चौथी. हिला नंबर दिलेला नाही.
परवापर्यंत इथे इंजिन झोपायचं,
शेजारी फाटकी जाळी, बोये, दोन रिकामे कॅन.
सोडा टाकून तीनदा फरशी घासली मी,
तरी ढगाळ दिवशी पेट्रोलचा वास येतोच.

कस्तुरीने टेप मागितला नाही.
पायाला पाय लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली:
चवदा पावलं लांब,
दहा पावलं आणि थोडं.
मी मनात म्हटलं, पुढच्या वर्षी बारा भरतील.
पाय वाढतात.

मग हे बोलले. हे फार बोलत नाहीत.
"ट्रॉलरवर आठ माणसां ह्याच्यापेक्षा बारक्या जाग्यात निजतत."
आणि माडाखाली उलटी पडलेली
सासऱ्यांची पात त्यांनी
दोन दिवस फळी फळी करून सोडवली.
मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.
खिळा निघतानाचा आवाज
ऐकूनच पुरे झाला.

खाट कमरेइतकी उंच,
खाली मासळीचे तीन निळे क्रेट सरकतात:
एकात दप्तर, एकात कपडे,
तिसऱ्याला हात लावायचा नाही असं मला बजावलंय.
(लावला. शिंपले, एक चावी, पुण्याच्या कुणा मुलीचं
विसरलेलं केसांचं क्लिप.)
छताला जाळं, जाळ्यात बाहुल्या, स्वेटर, पतंग.
भिंतीवरून दोरीने टेबल उतरतं.
टेबल उतरलं की दार उघडत नाही,
दार उघडायचं तर टेबल वर.
मेस्त्री डोकं खाजवत म्हणाला, चूक झाली.
कस्तुरी म्हणाली, रवांदे.

फळ्यांना उंडेल लावलं, दोन हात.
जुन्या खिळ्यांची भोकं बुजवायला पुट्टी आणली होती,
तिने बुजवू दिली नाहीत.
एकेका भोकात तिने एकेक रंगीत खडू बसवलाय.

डिसेंबरात दोन नंबरच्या पाहुण्यांचा मुलगा
बाथरूम समजून हे दार ढकलून आत गेला
आणि अर्धा तास बाहेरच आला नाही.
आई हाका मारतेय, नाश्त्याची आंबोळी निवतेय,
हा खाटेवर पालथा, क्रेट आत-बाहेर करत.
त्याचे बाबा हसत हसत मला म्हणाले,
"अहो, ही रूम लिस्टमध्ये नव्हती. किती घेता हिचे?"

मी आकडा सांगणार होते की काय, कोण जाणे.
जिभेला सवय झालीय.
ह्या घरातली कुठलीही वस्तू
कुणी बोट दाखवलं की तिची किंमत आधी आठवते.

जाळ्याखालून आवाज आला,
"ही भाड्याक नाय."
मग शाळेतल्या मराठीत, पाहुण्यांना कळावं म्हणून:
"ही खोली भाड्याने देत नाही आम्ही."

आम्ही म्हणाली.

रात्री सगळ्या खोल्यांना पाण्याचे जग पोचवून झाल्यावर
मी तिच्या दाराशी येते.
आत दिवा. म्हणजे गृहपाठ, म्हणजे टेबल खाली,
म्हणजे ढकलून उपयोग नाही.
ह्या घरात दार वाजवून जायचं ते
पैसे देणाऱ्यांच्या खोलीत.
बोटांच्या पेरांनी वाजवते, दोनदा,
एक नंबरला वाजवते तसंच हळू.

"कोण?"

"रूम सर्व्हिस."

आत हसू. मग दोरीची गाठ
(ह्यांनी शिकवलेली, एका झटक्यात सुटणारी)
सुटत नाही एका झटक्यात.
"थांब गे. टेबल मिटतंय."

मी थांबते. हातात दुधाचा पेला,
पलीकडे तीन नंबरवाले टीव्हीचा आवाज वाढवतात.