तोडीस तोड

औलूत सकाळचे आठ, खिडकीबाहेर अजून रात्रच.
कॉफीच्या यंत्रापाशी सातू विचारते, "आकडे कसे?"
मी म्हणतो, "रांगेत एकच आहे."

येर्को. पुन्ता अरेनास.
तिकडे पहाटेचे तीन.
बंदरावरची पाळी संपवून
बूटही न काढता बसला असेल.
दर्जा दोन हजार सहाशे चाळीस.
त्याच्या तोडीचे त्या खंडावर नऊ जण,
आणि नऊही झोपलेले.

नियम माझेच:
पहिली तीस सेकंदं फक्त बरोबरीचे,
मग दार थोडं किलकिलं,
मग आणखी थोडं,
उपवर मुलीचा बाप एकेक अट सोडत जातो तसं,
शेवटी कुणीही चालेल.

गेल्या मंगळवारी ते दार मी लवकर उघडलं.
चाळीस सेकंदांत जोडी जमली.
समोर वाल्दिव्हियाची कुणी मुलगी,
खेळायला लागून दुसरा दिवस,
स्वतःचं नाव ठेवलेलं 'ओली लोकर'.
तीन मिनिटांत तिचे सगळे बुरूज गेले.
तक्त्यावर हिरवी खूण: प्रतीक्षा कमी.

येर्कोने शेवटचा वार केलाच नाही.
तिच्या दारासमोर मिनिटभर नुसता उभा राहिला,
मग स्वतःच बाहेर पडला.
हार त्याच्या नावावर लागली.
ओली लोकर पुन्हा आली नाही.
याला तक्त्यात रकाना नाही.

म्हणून आज दार घट्ट.
चार मिनिटं. सात.
वर्तुळ फिरतंय, त्याच्या पडद्यावर, माझ्याही.
सातू म्हणते, "कंटाळून जाईल तो."
न्यायाला वेळ लागतो म्हणतात;
किती, ते सेकंदांत कुणी सांगत नाही.
नऊ. माझा तळहात ओला.

अकराव्या मिनिटाला
ड्युनेडिनहून कुणीतरी संध्याकाळचं जेवण उरकून आलं.
दोन हजार सहाशे बारा.
मधे अख्खा पॅसिफिक,
प्रत्येक वार पाव सेकंद उशिरा पोचणार.
हेही अन्यायात धरायला हवं होतं.
नाही धरलं. दिली जोडी लावून.

बेचाळीस मिनिटं चालले.
येर्को हरला, एका गुणाने.

सातूची कॉफी गार. काचेवर करडं काहीतरी उजाडू लागलेलं.
आता झोपेल बिचारा, मी म्हटलं,
तर ठिपका पुन्हा रांगेत.
या वेळी मला काहीच शोधावं लागलं नाही,
समोरचाही उठलाच नव्हता.