अकरा दिवस

शिवाजीनगर कोर्टाच्या गेटसमोर
मोमीनकाकांच्या टेबलावर मी पत्र उलगडते :
‘शिक्षेत सूट मिळणेबाबतची विनंती
अमान्य करण्यात येत आहे.
कारण : बंदी संचित रजेवरून
अकरा दिवस विलंबाने हजर.’
करण्यात येत आहे. कोण करतंय, ते कुठेच नाही.
खाली सही, उंदराच्या शेपटीसारखी.

अपिलाला तीस दिवस.
त्यातले नऊ टपालातच गेले.

काका चष्मा कपाळावर सारतात.
‘आजारपण होतं का कुणाचं? दाखला?
मयत? पूर? निदान लग्न?’
नव्हतं.
आजी ठणठणीत होती, नदी तिच्या जागी,
आणि आमच्यात लग्नाचं उरलं होतं कोण?

मी आठ वर्षांची होते.
ताडीवाला रोडला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे,
भाड्याची सायकल, तासाला दहा रुपये.
पप्पा कॅरिअर धरून मागे पळायचे,
चपला हातात.
परत जायच्या दिवशी त्यांनी पिशवी भरली होती,
टॉवेल, साबण, आजीने दिलेला लसणीचा ठेचा.
मी म्हटलं, मला अजून वळता येत नाही.
त्यांनी पिशवी खुंटीला लावली.
ठेचा आम्ही खाल्ला.

अकराव्या दिवशी मी वळले.
त्याच दुपारी ते स्वतः चालत गेले येरवड्याला.
गेटवरच्या वहीत नोंद : हजर झाला.
कशासाठी थांबला, याला रकाना नव्हता.

‘हे नाही चालायचं,’ काका म्हणतात, पण हळू.
बोटं की-बोर्डवर तशीच.
‘इथे एक ओळ लागतेच, पोरी :
सदर विलंबाबद्दल अर्जदारास मनापासून खेद आहे.’

त्यावर मी चार दिवस अडून बसले.
मग मुलाखतीत विचारलं पप्पांना, काचेपलीकडे.
फोनमध्ये खरखर, वेळ संपत आलेली.
‘खेद लिही,’ म्हणाले, ‘कागदाला लागतो.
मनापासून तेवढं काढ.’

काका तेवढं काढतात.
तीन प्रती, अजून गरम.
कोर्ट फीचा स्टॅम्प मी जिभेनेच ओला करते,
चव खळीसारखी.
पैसे विचारले तर काका पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतात.

आता सही घ्यायची, जेलरचा शिक्का घ्यायचा.
झाडाला लावलेली सायकल सोडवते.
संगम पुलापुढे, आरटीओच्या चौकात
सिग्नल बंद, चारी बाजूंनी गाड्या.
कागद पोटाशी खोचलेत.
हात दाखवते,
आणि वळते.