मधली जागा

नव्या मॉडेलच्या यादीत एकतीस सुधारणा आहेत.
डिक्कीचा उंबरठा चार बोटं खाली आणला,
मागचं दार जवळजवळ काटकोनात उघडतं,
हीटरची बटणं टचस्क्रीनमधून काढून
पुन्हा बोटांखाली दिली,
कारण हातमोजे घातलेल्या गिऱ्हाइकांनी
तीन हिवाळे आम्हाला शिव्या घातल्या.

सव्विसावी माझी.
मागच्या सीटपुढे तळातून वर आलेला उंचवटा
नऊ सेंटीमीटरवरून दीडवर.
जाहिरातीत तिचं नाव नाही.

बुर्साच्या कारखान्यात, चौथ्या मजल्यावर, मीटिंगमध्ये
हिशेबखात्यातला ओरहुन चहाचा ग्लास फिरवत म्हणाला,
एक्झॉस्टचा नळ वळवायचा, साचा नवा करायचा,
ठीक आहे, नालान हानम,
पण मधे बसतं कोण?

मी म्हणाले, मी.

सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

बाबांच्या गाडीत डावी खिडकी तुंजायची, तो थोरला.
उजवी पेरिहानची, तिला गाडी लागायची.
उरेल ते माझं:
पट्ट्यांच्या कुलपांवर बूड,
पाय उंचवट्यावर, गुडघे हनुवटीला,
अंगाची घडी करून गावापर्यंत दीड तास.
इझनिकचं तळं त्या दोघांनी पाहिलं.
मी पाहिला रस्ता,
दोन सीटांच्या फटीतून, समोरून येणारा, अख्खा,
आणि गिअरवरचा बाबांचा हात.
उंचवट्याखालून नळ जायचा.
जानेवारीत माझ्या बुटांचं रबर वास मारायचं
आणि घोट्यापर्यंत ऊब चढायची.
ती फक्त मला होती.
हे मी त्या दोघांना कधीच सांगितलं नाही.

आज बाबांचा चाळिसावा.
तुंजायचा मुलगा इल्काय चालवतोय,
पुढे आई, मांडीवर हलव्याचा डबा,
आणि मागे आम्ही तिघं,
केस पांढरे झालेले, जागा त्याच.
कोणी ठरवलं नाही. दार उघडलं आणि तसेच बसलो.

ऑलिव्हच्या दोनशे झाडांवरून
ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.
एकशेऐंशी, तुंजाय म्हणतो. आकड्यावरूनही आहे.

दारांना आता तीन पदरी रबर आहे,
एकोणिसावी सुधारणा, सेविलायच्या गटाची,
तिला त्याबद्दल बक्षीस मिळालं.
जुन्या गाडीत ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही,
निम्मं भांडण टायरखालीच जायचं.
इथे तुंजायने गिळलेला आवंढा ऐकू येतो,
पेरिहानच्या जपमाळेचा एकेक मणी ऐकू येतो.
सेविलायला सांगायला हवं,
काम फार चोख झालंय.

"पाय मावतात ना गं?" आई वळून विचारते.
मावतात.
इतके मावतात की कुठे ठेवावेत कळत नाही.
टाचा पुन्हा पुन्हा काहीतरी शोधतात,
तळ थंड आहे, सरळ आहे,
मीच आखलेला आहे.

ओरहानगाझीनंतर वळण आलं,
पेरिहानच्या पिशवीतून एक संत्रं सुटलं.
पूर्वी ते माझ्या बुटांपाशी अडलं असतं.
ते आलं, माझ्या पावलांमधून गेलं,
आणि तुंजायच्या बुटाला लागून थांबलं.

तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.
मग वाकला, गुडघा कटकन वाजला
(तेही ऐकू आलं),
आणि खिडकीबाहेर पाहत
संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

तिने हात पुढे केला नाही.
मी ते सोलायला घेतलं.

दीड सेंटीमीटर अजून शिल्लक होता.
त्यावरून ते गेलं कसं,
उद्या कामावर मोजून बघते.